गाणी आमची, मालकी त्याची: भुसावळच्या एका रॉक बँडला कसं लुबाडलं

खान्देशात बँड म्हटलं की लोकांना वरातीतला बँड आठवतो. त्यात गैर काही नाही, इथे धंदा त्याचाच आहे. आमचा बँड इंडस्ट्रियल रॉकचा. गिटार आणि ड्रम मशीनच्या जोडीला लेथ, ग्राइंडर, पत्रा, साखळ्या. हे सगळं लिहितोय कारण ज्याने आम्हाला लुबाडलं तो आता धुळे-नंदुरबारकडच्या अहिराणी गायकांना फोन करतोय, असं कानावर आलंय.

आम्ही चौघे भुसावळचे, दोघांचे वडील रेल्वेत. बेसवाल्याच्या मामांचा जळगाव एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटयांचा कारखाना आहे. सगळी सुरुवात तिथली. इलेक्ट्रॉनिक बझरमधली पितळी चकती काढायची, तिला वायर डागायची आणि चिकटपट्टीने मागाच्या सांगाड्याला घट्ट बसवायची. अशा चकतीला हवेतला आवाज जवळजवळ पोचतच नाही, ती फक्त लोखंडाची थरथर पकडते. बाहेर ट्रकने कितीही हॉर्न मारला तरी रेकॉर्डिंग स्वच्छ. त्यातला एक जुना माग ठोका देताना मध्येच लंगडायचा, एक ठोका किंचित उशिरा यायचा. मामा त्याला दुरुस्त करायला निघाले होते, आम्ही हातापाया पडून थांबवलं. आमचं पहिलं गाणं त्या लंगड्या ठोक्यावर उभं आहे.

जळगावला एका गॅदरिंगमध्ये वाजवलं तेव्हा समोरून "बंद करा भो, डीजे लावा" असा ओरडा झाला. त्याच रात्री या माणसाचा मेसेज आला. मुंबईत आर्टिस्ट मॅनेजमेंट करतो म्हणाला. आणि त्याला खरंच माहीत होतं, हे मान्य करावंच लागेल. पश्चिम बर्लिनमध्ये १९८० साली सुरू झालेला आईनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन हा बँड भंगार आणि ड्रिल मशीन घेऊन स्टेजवर कसा यायचा, ते त्याने सांगितलं. नाइन इंच नेल्स या अमेरिकन बँडच्या ट्रेंट रेझनरची गोष्टही त्यानेच सांगितलेली: क्लीव्हलँडच्या स्टुडिओत साफसफाईपासून पडेल ते काम करायचं, स्टुडिओ रिकामा असेल तेव्हा स्वतःचे डेमो करायचे, १९८८ मध्ये बँड उभा, १९८९ मध्ये पहिला अल्बम. "तुम्ही खान्देशातले तेच आहात," असं म्हणाला. आमचं संगीत ज्याला कळतं असा पहिला माणूस भेटला होता. याच जोरावर त्याने पुढचं सगळं केलं.

पैसे त्याने हळूहळू काढले. आधी मास्टरिंगचे (तयार गाण्यावर शेवटचा हात फिरवण्याचे), मग व्हिडिओचे, मग एका फेस्टिव्हलचं 'सिक्युरिटी डिपॉझिट'. प्रत्येक रक्कम अशी की चौघांत वाटली तर नाही म्हणायला जड जावं. यूपीआयवर दर वेळी नाव वेगळं. बिल मागितलं की "सीए पाठवेल". तो सीए आम्हाला आजतागायत दिसलेला नाही. फेस्टिव्हल आधी पुढे गेला, मग त्याचं नावच बदललं, आणि नंतर त्याचा विषय निघेना.

त्याने एक कार्यक्रम मात्र मिळवून दिला, पुण्याला. मानधन ४५,००० रुपये. करारात त्याचे २० टक्के होते, पण ते एकूण रकमेवर, खर्च वजा जाता उरलेल्यावर नव्हे. त्याने ९,००० आधीच कापून घेतले. गाडी, साउंड, लॉज, जेवण मिळून खर्च ३८,५०० झाला. म्हणजे टाळ्या घेऊन आम्ही अडीच हजारांनी खाली आलो आणि मॅनेजर फायद्यात.

रेझनरची उरलेली गोष्ट मी नंतर वाचली, जी या गृहस्थाने सांगितली नव्हती. पहिल्या रेकॉर्ड कंपनीशी त्याचं इतकं बिनसलं की १९९२ मध्ये आलेलं रेकॉर्डिंग त्याने कंपनीपासून लपवून, खोट्या नावांनी केलं. पुढे त्याने स्वतःच्याच माजी मॅनेजरला कोर्टात खेचलं. त्या करारातही २० टक्के होते आणि तेही एकूण कमाईवरच. २००५ मध्ये न्यू यॉर्कच्या ज्युरीने रेझनरच्या बाजूने जवळपास ३० लाख डॉलरचा निकाल दिला.

खरा घाव स्टेम्सचा. स्टेम्स म्हणजे गाण्याचे सुटे ट्रॅक, ठोका वेगळा, गिटार वेगळी, गळा वेगळा. "मुंबईत मिक्स करतो" म्हणून त्याने सगळे मागवून घेतले. पुढे चोपड्याला एका वरातीत डीजेच्या भिंतीतून आमचा माग ऐकू आला. तोच लंगडा ठोका, वर भलतंच गाणं. डीजेवाला पोरगा सरळ होता. म्हणाला, टेलिग्रामवर ४९९ रुपयांत लूप्सचा, म्हणजे ठोक्यांच्या छोट्या तुकड्यांचा, पॅक मिळतो, सगळेच घेतात. त्यानंतर आमच्याच कार्यक्रमाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला तर त्यावर कॉपीराइट क्लेम आला. क्लेम लावणारा तोच, 'लेबल' म्हणून. जाहिरातीचे पैसे त्याच्या खात्यात.

जळगावच्या एका वकीलबाईंनी करार वाचला तेव्हा काही गोष्टी उलगडल्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरलेच नाहीत तर ते परत येतात, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. आमच्या करारात नेमकं वेगळं लिहिलं होतं. तेही तेराव्या पानावर. मात्र २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा सही करून सोडता येत नाही, तो त्याला गिळता आला नाही. रेकॉर्डिंगचा मालक कायद्याने निर्माता, म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. हा म्हणतो निर्माता मीच. आमच्याकडे मामांच्या कारखान्यातल्या मूळ फाइली तारखेसकट होत्या, साउंड कार्ड आणि माइकच्या पावत्या होत्या, म्हणून भांडता आलं.

पोलिसांनी आधी "दिवाणी मामला आहे" म्हणून परत पाठवलं. डिपॉझिटची गोष्ट वेगळी काढून, खोट्या फेस्टिव्हलच्या नावाने पैसे उकळले असं लिहून दिलं तेव्हा तक्रार घेतली. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर आम्ही उशिरा फोन केला, तोवर खाती रिकामी होती. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर रक्कम खात्यात अडवता येण्याची शक्यता असते.

यूट्यूबवरचा एक क्लेम उठला, दुसऱ्यावर वाद चालू आहे. त्याचा नंबर आणि नाव आता बदललेलं असणार, पण बोलणं बहुधा तेच: आधी तुमच्या गाण्याची जाणकारीने तारीफ, पाठोपाठ स्टेम्सची घाई. गाणं द्यायचंच असेल तर त्याला सगळे ट्रॅक एकत्र करून द्या, सुटे नको. आणि तुम्ही आधीच पैसे भरले असतील तर चॅट डिलीट करू नका, त्याने पाठवलेले व्हॉइस मेसेजही ठेवा. आमच्या तक्रारीत सर्वात जास्त तेच कामाला आले.