रॅटचा वॉकिंग ट्रॅक: दिवाळीपासूनचा वापर

सांगलीतल्या आमच्या फार्मसी कॉलेजच्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये दिवाळीपासून हा ट्रॅक चालू आहे. पायाची नर्व्ह (नस) दुखावलेला उंदीर पुन्हा कितपत नीट चालतो, ते त्याच्या पावलांच्या ठशांवरून मोजायचं. तयार यंत्राचं कोटेशन बघून सरांनी फाईल मिटली, म्हणून कुपवाड एमआयडीसीत अ‍ॅक्रिलिकचा अरुंद बोळ करून घेतला. मीटरभर लांब, टोकाला काळा डबा, पारदर्शक तळाखाली तिरका आरसा, समोर स्टँडवर मोबाइल. उंदीर अंधाराकडे आपसूक पळतो, खाऊचं आमिष लागत नाही. शाईचे पाय कागदावर उमटवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. फरफटलेली शाई मोजताना डोळे फुटायचे.

सायटिक नर्व्ह, म्हणजे मागच्या पायाची मुख्य नस, चेपली की पोटरीचा जोर जातो, टाच टेकते आणि ठसा लांबतो. पंजातले छोटे स्नायू बंद पडल्याने बोटं फाकत नाहीत. ठशाची लांबी, पहिल्या ते पाचव्या बोटातलं अंतर आणि दुसऱ्या ते चौथ्यातलं, अशी तीन मापं धडक्या पायाशी ताडून एसएफआय (सायटिक फंक्शनल इंडेक्स, पाय किती काम करतो त्याचा आकडा) काढतात. कल्पना डी मेडिनासेली आणि सहकाऱ्यांची, 1982 ची. आम्ही बेन वगैरेंचं 1989 चं सूत्र लावतो. शून्याजवळ म्हणजे ठणठणीत, उणे 100 म्हणजे पाय पूर्ण निकामी.

क्रशच्या, म्हणजे नर्व्ह नुसती चेपलेल्या, गटात ट्रॅकने चोख काम दिलं. सुरुवातीला आकडा तळाला, मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत जवळजवळ मूळपदावर. नर्व्ह कापून टाके घातलेल्या गटात मात्र सगळी पंचाईत. बोटं आखडली की ठसा कुठून कुठवर धरायचा? काही जनावरं बधिर बोटं स्वतःच कुरतडतात, ती मोजणीतून बाद. आणि स्लाइडवर अ‍ॅक्सॉन (नर्व्हमधले तंतू) वाढलेले दिसतात तरी आकडा जागचा हलत नाही. कापलेल्या नर्व्हवरचा पेपर निव्वळ एसएफआयवर उभा असेल, तर मी तो सावधपणेच वाचते.

आता तक्रार. अ‍ॅक्रिलिकवर नखांचे ओरखडे उठतात आणि मोबाइलचा फोकस पंजा सोडून त्या ओरखड्यांवर बसतो. तळ टफन्ड काचेचाच घ्या. लघवीचे थेंब तर ठरलेलेच. दर फेरीनंतर फडकं मारावं लागतं.

एप्रिल-मेच्या उकाड्यात दुपारी उंदीर मधेच बसकण मारतात. आमचे अटेंडंट मामा बघूनच सांगतात, ‘‘मॅडम, आत्ता ह्यो न्हाय पळायचा, चारनंतर बघूया.’’ थांबत-रखडत गेलेली फेरी मी घेतच नाही, कारण वेग बदलला की ठशाची लांबीही बदलते. अडून बसणाऱ्यांसाठी बर्व्हारची 2000 सालची पद्धत कामाला येते: उभ्या जनावराचा खालून फोटो, मोजायची फक्त बोटांमधली अंतरं.

संवेदना ट्रॅकवर कळत नाही, तिच्यासाठी पिनप्रिक, म्हणजे सुई टोचून बघायची चाचणी, वेगळी करा. टोचायचं पंजाच्या बाहेरच्या कडेला. आतल्या कडेला सॅफेनस ही दुसरीच नर्व्ह असते, ती शाबूत असते, तिथे टोचलं तर पहिल्या दिवशीच पाय झटकतो आणि पोरं ‘रिकव्हरी आली’ म्हणून नाचतात.

मोजायला इमेजजे हे फोटोवर मापं घ्यायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. स्केलपट्टी प्रत्येक फ्रेममध्ये ठेवा आणि फाईलच्या नावात गट लिहू नका. मोजणाऱ्याला औषधाचा उंदीर कुठला हे कळलं, की बोटं आपोआप फाकलेली दिसायला लागतात.