तंबाखू सोडण्याची भरपाई: केंटकीसारखी मागायची की नॉरफोकसारखी?

'तंबाखू सोडतो, पण भरपाई द्या' असं निवेदन कागल-निपाणी पट्ट्यात कुणी लिहायला बसलं असेल, तर आधी दोन जुने व्यवहार नीट बघून घ्या. एक अमेरिकेतल्या केंटकीचा, दुसरा कॅनडात ऑन्टारिओतल्या नॉरफोक काउंटीचा.

दोन्हीकडे कोटा होता, म्हणजे कुणी किती पाऊंड तंबाखू विकायची ते ठरलेलं. अमेरिकेत याची मुळं 1938 च्या कायद्यात. तिथं कोटा जमिनीबरोबर यायचा. त्यामुळं शहरात राहणारा वारस तो खंडानं देई, आणि अख्खं झाड कापून, काठीला टोचून, कोठाराच्या तुळयांवर चढून टांगणारा माणूस दुसराच असे. 2004 च्या कायद्यानं कोटा मोडला. मालकाला पाऊंडामागे 7 डॉलर आणि पिकवणाऱ्याला 3, असे 2005 ते 2014 दहा वार्षिक हप्त्यांत मिळाले. पैसा तंबाखू कंपन्या आणि आयातदारांकडून वसूल झाला.

मला यात सगळ्यात मोलाचे वाटतात ते 3 डॉलर. राबणाऱ्याचा हिस्सा कायद्यातच वेगळा काढला. 4,000 पाऊंडांचा हिशेब धरला, तर मालकाला वर्षाला 2,800 आणि कसणाऱ्याला 1,200 डॉलर. रक्कम मोठी नाही, पण कसणाऱ्याचा कोट्याचा खंडही वाचला. वित्तसंस्थेला हप्त्यांचा हक्क विकून ठोक पैसे उचलायची सोय होती, अर्थात रकमेत कपात सोसून. सावकार दारात उभा नसेल, तर हप्तेच घ्यावेत असं माझं मत.

पण पैसे घेतल्यावर तंबाखू सोडलीच पाहिजे अशी अट केंटकीत नव्हती. सरकारी भावाचा आधार मात्र गेला. पाऊंडामागे दोन डॉलरच्या आसपासचा दर 2005 मध्ये दीडच्या घरात आला. छोटे शेतकरी बाहेर पडले, मोठ्यांनी क्षेत्र वाढवलं.

नॉरफोकला अट होती. 2008 मध्ये जाहीर झालेल्या योजनेत कोटाधारकाला पाऊंडामागे 1.05 कॅनेडियन डॉलर, एकूण सुमारे 28 कोटी 60 लाख, आणि त्यानं तंबाखू कायमची सोडायची. वाळूच्या त्या रानात आज जिनसेंग, शतावरी, रताळी दिसतात. तरी पळवाट राहिलीच. कोट्याच्या जागी परवाने आले, आणि काही ठिकाणी पैसे घेतलेल्याच्या घरातल्या दुसऱ्याच्या नावावर तंबाखू चालू राहिली. कॅनडाच्या महालेखापरीक्षकांनी 2011 मध्ये यावर बोट ठेवलं.

आपल्याकडे बिडी-तंबाखूला कोटा नाही, तंबाखू मंडळाची नोंदणी आहे ती सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूसाठी. 2015-16 पासून पीक विविधीकरण योजनेत तंबाखूची राज्यं आली, पण ती मदत नव्या पिकासाठी, सोडलेल्या तंबाखूची भरपाई म्हणून नव्हे. मग कुणाची तंबाखू किती याची मोजणी पीकपाहणीवरच होणार, आणि वाटेकऱ्याचं नाव सातबाऱ्यावर क्वचितच सापडतं.

म्हणून निवेदनात नुसती रक्कम लिहू नका. पिकवणाऱ्याचा वेगळा हिस्सा केंटकीकडून घ्या. सोडण्याची अट नॉरफोककडून घ्या, पण ती माणसावर नको, गट नंबरावर घाला. आणि वाटेकऱ्याची नोंद गावसभेपुढे, सरकारकडे अर्ज जाण्याआधी करून घ्या.