लॉनमधला पिवळा डाग आणि मेटारायझियमची पावडर

मेटारायझियम ॲनिसोप्ली या कीड मारणाऱ्या बुरशीची पावडर आपल्याकडे प्रामुख्याने ऊस आणि भुईमूग पिकवणारे शेतकरी विकत घेतात. घरापुढच्या लॉनसाठी ती घेणारे फार थोडे. पुण्यात आमच्या मेक्सिकन लॉनवर यंदाच्या पावसाळ्यात ही पावडर वापरली आणि तिचा उपयोग झाला. पण तो कशावर, किती आणि का झाला हे सांगायचे तर आधी डागाचे निदान कसे केले ते सांगावे लागेल, कारण निदान चुकले तर ही पावडर निव्वळ वाया जाते. हे परीक्षण कोणत्याही एका कंपनीचे नाही. अनेक कंपन्या ही पावडर बनवतात आणि माझे म्हणणे त्या सगळ्यांनाच लागू पडेल.

ऐन श्रावणात, बाकीचे गवत हिरवेगार असताना, कुंपणालगत शेजारच्या कडुनिंबाच्या फांद्यांखाली ताटाएवढा भाग पिवळा पडला आणि पाऊस नियमित असूनही दर आठवड्याला वाढत गेला. कुत्र्याच्या मूत्राने गवत जळते तेव्हा मधला भाग करपतो, पण कडेला नत्र सौम्य प्रमाणात पोहोचल्यामुळे गर्द हिरवी किनार उमटते. इथे तशी किनार नव्हती. बांधकामाचा राडारोडा मातीच्या पातळ थराखाली पुरलेला असेल, तर त्यावरचे गवत उन्हाळ्यात सुकते आणि पावसात सावरते. इथे नेमके उलटे घडत होते, शिवाय लांब स्क्रू ड्रायव्हर डागात कुठेही खुपसला तरी मुठीपर्यंत सहज आत जात होता. बुरशीजन्य रोगाचा संशय पावसाळ्यात रास्तच असतो, परंतु तशा रोगात पात्यांवर ठिपके किंवा चट्टे दिसतात. आमची पाती स्वच्छ होती, फक्त शेंड्याकडून वाळत होती.

आमच्या माळीकाकांनी बुरशीनाशकाची फवारणी आणि वर युरिया असा उपाय सुचवला. त्यांचा अनुभव मोठा आहे आणि पावसाळ्यात पिवळे पडलेल्या पुष्कळ लॉनवर तो उपाय लागूही पडत असेल, पण हा डाग त्यातला वाटत नव्हता. मग कडेचे गवत मुठीत धरून ओढून पाहिले. ते कसलाही विरोध न करता सतरंजीसारखे गुंडाळत वर आले, कारण खाली मुळे उरलीच नव्हती. खुरप्याने वीतभर चौकोन उकरला तेव्हा उत्तर समोर आले. मळकट पांढऱ्या, अंग वाकवून पडलेल्या जाडजूड अळ्या, तपकिरी डोके, पुढच्या बाजूला पायांच्या तीन जोड्या आणि शेपटीकडच्या पातळ कातडीतून आत दिसणारी काळी माती. ही हुमणी, म्हणजे भुंगेऱ्याची मुळे खाणारी अळी. मेलेल्या गवताखाली ती फारशी सापडली नाही; पिवळा आणि हिरवा भाग जिथे मिळतो त्या सीमेवर तिची दाटी होती, कारण ताजी मुळे तिथेच शिल्लक असतात. म्हणून तपासायचे असेल तर डागाच्या मध्यावर न खणता कडेला खणावे. त्या कोपऱ्यात साळुंक्या सकाळ-संध्याकाळ चोची का मारत होत्या, तेही तेव्हा उलगडले.

डाग कडुनिंबाखालीच का पडला, याचे उत्तर या किडीच्या जीवनक्रमात आहे. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की जमिनीतले भुंगेरे संध्याकाळी बाहेर पडतात, कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांची पाने खातात, तिथेच त्यांचे मीलन होते आणि पहाटे ते पुन्हा मातीत शिरतात. माद्या ओलसर मातीत अंडी घालतात. आमच्याकडे जी हुमणी आढळते तिची वर्षाला एकच पिढी होते, आणि अळी तीन अवस्थांतून वाढत असताना तिसऱ्या अवस्थेत सर्वांत जास्त मुळे फस्त करते. हा काळ साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरचा असतो.

आता पावडरीविषयी. पाकीट एक किलोचे होते. टाल्कच्या भुकटीत बुरशीचे बीजाणू मिसळलेले असतात आणि ग्रॅममागे किमान १० कोटी बीजाणूंची हमी पाकिटावर छापलेली होती. अळीने ही पावडर खाण्याची गरज नसते. बीजाणू तिच्या कातडीला चिकटतो, ओलावा मिळाला की रुजतो, कातडी भेदून आत शिरतो आणि शरीरात वाढून तिला मारतो. या बुरशीचा कीड-नियंत्रणासाठी प्रयोग इल्या मेचनिकोव्ह यांनी १८७९ च्या सुमारास धान्यावरच्या भुंगेऱ्यावर केला होता. पुढे १९०८ मध्ये त्यांना रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. जिवंत बुरशी हेच इथे औषध असल्यामुळे माळीकाकांनी सुचवलेली फवारणी तिच्या जोडीने केली असती, तर औषधावरच पाणी पडले असते. पूर्वी हुमणीसाठी सर्रास फोरेटचे दाणे टाकत असत. त्या अतिविषारी कीटकनाशकावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे आणि ज्या गवतावर लहान मुले अनवाणी खेळतात तिथे ते कधीच योग्य नव्हते.

शेतासाठीची शिफारस हेक्टरी २० किलोची असते, म्हणजे चौरस मीटरला अवघी दोन ग्रॅम. ही पावडर चाळलेल्या, चांगल्या कुजलेल्या, किंचित ओल्या शेणखतात मिसळली, लॉनला बागेच्या काट्याने जवळजवळ भोके पाडली आणि ऊन उतरल्यावर मिश्रण पसरून झारीने पाणी दिले. ही भोके महत्त्वाची आहेत, कारण पावडर गवतावरच राहिली तर ती अळीपर्यंत पोहोचत नाही आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी बीजाणू मरतात. मातीतला ओलावा पुढेही टिकवावा लागतो. पावसाची उघडीप झाली तेव्हा आम्ही हलके पाणी देत राहिलो.

सुरुवातीला काहीच फरक दिसत नाही आणि ज्यांना दुसऱ्या दिवशी मेलेली कीड पाहायची असते त्यांची इथे निराशा होईल. काही आठवड्यांनी कडेला पुन्हा उकरले तेव्हा लहान अळ्यांपैकी बऱ्याच सुस्त झाल्या होत्या आणि काही ताठर होऊन मेल्या होत्या. त्यातली एक कागदावर घेऊन उजेडात पाहिली, तर खंडांच्या सांध्यांतून पांढरी बुरशी फुटली होती आणि पाठीवर तिचाच शेवाळी हिरवा थर चढला होता. पावडरीने काम केल्याची याहून स्पष्ट खूण नाही. मोठ्या, पूर्ण वाढलेल्या अळ्यांवर मात्र परिणाम तोकडा पडला. त्या हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकाव्या लागल्या. दसऱ्यापर्यंत डाग पसरायचा थांबला. उघडी पडलेली जागा आपोआप भरली नाही, कारण मेक्सिकन गवत सावकाश पसरते. तिथे लॉनच्याच दुसऱ्या कोपऱ्यातले तुकडे काढून लावले. मुळे खाल्ली गेलेले गवत कोणत्याही औषधाने परत येत नसते, ही अपेक्षा आधीच बाजूला ठेवलेली बरी.

माझ्या तक्रारी पावडरीपेक्षा तिच्या विक्रीविषयी जास्त आहेत. जिवंत बीजाणूंचे हे उत्पादन थंड आणि सावलीच्या जागी ठेवायला हवे, पण ज्या एका दुकानात मी आधी चौकशी केली तिथे पाकिटे पत्र्याच्या छपराखाली, दुपारच्या उन्हाच्या तिरिपेत रचलेली होती आणि समोर आलेल्या पाकिटाची मुदत केव्हाच उलटली होती. ते मी घेतले नाही. दुसऱ्या कृषी सेवा केंद्रातून त्याच हंगामातले ताजे पाकीट आणले. उत्पादनाची तारीख बारीक अक्षरांत, तीही पाकिटाच्या शिवणीत छापलेली असते, त्यामुळे ती दुकानदाराला विचारून स्वतः वाचूनच पैसे द्यावेत. पाकिटावर एकरी मात्रा ठळक आहे, चौरस मीटरची कुठेही नाही.

आणि एक किलो घरगुती लॉनला फारच जास्त होते. एवढी पावडर ५०० चौरस मीटरला पुरते, आमच्यासारख्या लॉनला तिचा लहानसा हिस्साच लागतो आणि उरलेली पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठेवली तर तिचा जोम भरवशाचा राहत नाही. कंपन्यांनी शंभर ग्रॅमचे पाकीट काढावे अशी माझी आग्रहाची सूचना आहे. तोवर एकाच कडुनिंबाच्या आसपास राहणाऱ्या घरांनी मिळून एक पाकीट घ्यावे, कारण भुंगेरे कुंपण पाहून अंडी घालत नाहीत. पुढच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या तीन घरांनी तसेच ठरवले आहे: वळवानंतर संध्याकाळी फांद्या हलवून भुंगेरे गोळा करायचे आणि ते रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे, मग जूनअखेर ते जुलैत, अळ्या कोवळ्या असतानाच, तिन्ही लॉनना एकाच आठवड्यात पावडर द्यायची.