पीएनसी पार्क : नव्याचे नऊ दिवस आणि त्यानंतरची वीस वर्षे

अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या मध्यवर्ती भागातून रॉबर्टो क्लेमेंटे पुलावर आले की अलेगेनी नदीच्या पलीकडच्या काठावर पीएनसी पार्क, म्हणजे पायरेट्स या बेसबॉल संघाचे घरचे मैदान, दिसू लागते. सामन्याच्या दिवशी हा पिवळा पूल वाहनांसाठी बंद असतो आणि माणसे रस्त्याच्या मधोमध, गप्पा मारत, मुलांना खांद्यावर घेऊन मैदानाकडे चालत जातात. मी या मैदानावर निरनिराळ्या हंगामांत सामने पाहिले आहेत. काही तुडुंब गर्दीत, काही जवळजवळ रिकाम्या रांगांमध्ये बसून. त्यामुळे या परीक्षणात दोन गोष्टी तपासायच्या आहेत. वास्तू म्हणून हे मैदान कसे आहे, ही पहिली. ज्या आशेने ते बांधले गेले, ती प्रेक्षकवाढीची आशा त्याने पूर्ण केली का, ही दुसरी, आणि माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाची.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना मला हात आखडता घ्यावासा वाटत नाही. मी पाहिलेल्या मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेच्या) मैदानांमध्ये यापेक्षा सुंदर मैदान नाही. एप्रिल 2001 मध्ये ते खुले झाले. आसनक्षमता 38 हजारांच्या आसपास, म्हणजे या स्तरावरील मैदानांत लहानच. त्या काळात बहुतेक ठिकाणी तीन मजले चढवले जात होते, इथे मात्र प्रेक्षकांसाठी मुख्यतः दोनच मजले आहेत. त्यामुळे सर्वांत वरच्या रांगेतूनही पिचरचा, म्हणजे गोलंदाजाचा, चेंडू वळताना दिसतो. उजव्या बाजूची भिंत 21 फूट उंच आहे, कारण पायरेट्सचे गाजलेले खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे यांच्या पाठीवर 21 हा क्रमांक होता. त्या भिंतीपलीकडे नदी आणि नदीपलीकडे शहराच्या उंच इमारती. बहुतेक आसनांची तोंडे या दृश्याकडे केली आहेत आणि यजमान संघाचा कक्षही त्यासाठी तिसऱ्या बेसच्या, म्हणजे मैदानाच्या डाव्या, बाजूला ठेवला आहे. संध्याकाळचा सामना सुरू असताना समोरच्या काचांवर उतरते ऊन पडते, तेव्हा दोन डावांमधला वेळही रिकामा वाटत नाही.

या मैदानाने ज्याची जागा घेतली ते थ्री रिव्हर्स स्टेडियम 1970 चे, गोल आणि चहूबाजूंनी बंद होते. अमेरिकन फुटबॉल आणि बेसबॉल दोन्हींसाठी बांधलेले असल्यामुळे ते धड एकाचेही झाले नाही. प्रेक्षक खेळापासून दूर बसत आणि आत गेल्यावर आपण कोणत्या शहरात आहोत हे कळण्याची काही सोय नसे. फेब्रुवारी 2001 मध्ये ते सुरुंग लावून पाडले, तेव्हा नव्या मैदानाचे दार उघडायला दोन महिनेही उरले नव्हते.

आता दुसरा प्रश्न. तो विचारणे आवश्यक आहे, कारण या मैदानात सार्वजनिक पैसा मोठ्या प्रमाणावर गुंतला आहे. 1997 मध्ये पश्चिम पेनसिल्व्हेनियातील अकरा काउंट्यांतील (जिल्ह्यांतील) मतदारांसमोर विक्रीकर वाढवण्याचा प्रस्ताव आला आणि त्यांनी तो स्पष्टपणे नाकारला. त्यानंतर ‘प्लॅन बी’ नावाने दुसरी आर्थिक योजना आखली गेली आणि 1998 मध्ये ती मंजूर झाली. नवे मैदान मिळाले नाही तर पायरेट्स संघ शहरात टिकणार नाही, आणि मिळाले तर प्रेक्षक वाढतील, उत्पन्न वाढेल, त्या उत्पन्नातून चांगले खेळाडू राखता येतील, असा युक्तिवाद त्या काळात वारंवार केला जात होता. संघ शहरात टिकला, हे मान्य करायलाच हवे. पुढच्या साखळीचे काय झाले, ते प्रेक्षकसंख्येवरून पाहता येते.

थ्री रिव्हर्सवर 1999 मध्ये संपूर्ण हंगामात सुमारे 16 लाख 40 हजार प्रेक्षक आले. 2000 मध्ये, जुन्या मैदानाच्या निरोपाच्या वर्षी, ही संख्या साडेसतरा लाखांवर गेली. नव्या मैदानाच्या पहिल्या वर्षी ती 24 लाख 65 हजारांच्या घरात पोहोचली, म्हणजे एका वर्षात सुमारे चाळीस टक्के वाढ. इथे थांबले तर मैदानाने चमत्कार केला असेच कोणीही म्हणेल. परंतु 2002 मध्ये संख्या 17 लाख 85 हजारांवर आली आणि 2003 मध्ये पुन्हा सुमारे 16 लाख 40 हजार. 1999 च्या कुरूप, गोल, सिमेंटच्या मैदानावर जितके लोक येत होते, जवळजवळ तितकेच लोक तिसऱ्या वर्षी देशातल्या सर्वांत देखण्या मैदानावर येत होते. हे आकडे मी पहिल्यांदा शेजारी शेजारी ठेवून वाचले तेव्हा मला मनापासून वाईट वाटले, कारण इतक्या काळजीने घडवलेल्या जागेचे कौतुक लोकांच्या मनातून दोन वर्षांत ओसरते हे पटायला जड जाते.

कारण शोधायला लांब जावे लागत नाही. मैदान खुले झाले त्याच हंगामात संघ 100 सामने हरला. 1993 पासून 2012 पर्यंत सलग वीस हंगाम पायरेट्सच्या पराभवांची संख्या विजयांपेक्षा जास्त राहिली. उत्तर अमेरिकेतल्या प्रमुख व्यावसायिक खेळांत इतकी दीर्घ मालिका दुसऱ्या संघाच्या वाट्याला आलेली नाही. या वीसपैकी बारा हंगाम नव्या मैदानावर खेळले गेले. नवी वास्तू पाहण्याची उत्सुकता एकदा, फार तर दोनदा माणसाला तिकीट काढायला लावते. वर्षाला 81 घरचे सामने असलेल्या खेळात संघाला अशा माणसाची गरज असते जो मे महिन्यातल्या थंड बुधवारीही येईल, आणि तो माणूस नदीचे दृश्य पाहायला येत नाही.

तरीही मैदानाचा उपयोग शून्य आहे, असा निष्कर्ष मी काढणार नाही, कारण 2013 मध्ये काय घडले ते विसरता येत नाही. त्या वर्षी संघाने 94 सामने जिंकले आणि 1992 नंतर प्रथमच बाद फेरीत प्रवेश केला. 1 ऑक्टोबरला सिनसिनाटी रेड्सविरुद्धच्या एकमेव निर्णायक सामन्याला 40 हजारांहून अधिक लोक आले. दुसऱ्या डावात ते सगळे एका सुरात रेड्सचा पिचर जॉनी क्वेटो याच्या नावाचा घोष करू लागले, त्याच्या हातून चेंडू खाली पडला आणि पुढच्याच चेंडूवर पायरेट्सच्या रसेल मार्टिनने होम रन, म्हणजे थेट मैदानाबाहेर जाणारा फटका, मारला. प्रेक्षक खेळाच्या इतके जवळ नसते, मैदान इतके आटोपशीर नसते, तर तो आवाज तसा एकवटला नसता, असे मला वाटते. 2015 मध्ये संघाने 98 सामने जिंकले आणि त्या हंगामाची प्रेक्षकसंख्या जवळजवळ 25 लाखांवर जाऊन उद्घाटनाच्या वर्षाचा उच्चांक मोडला गेला. मैदान तेव्हा पंधराव्या हंगामात होते. त्याचे नवेपण केव्हाच संपले होते.

जुन्या मैदानाशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होते. थ्री रिव्हर्सवर 1990 ते 1992 या काळात पायरेट्स सलग तीन वर्षे आपल्या विभागात पहिले आले. 1991 मध्ये तिथे 20 लाख 65 हजार प्रेक्षक आले, आणि तो त्या मैदानाचा उच्चांक ठरला. म्हणजे जिंकणारा संघ वाईट मैदानावर वीस लाखांपर्यंत लोक आणू शकत होता आणि तसाच जिंकणारा संघ चांगल्या मैदानावर बावीस ते पंचवीस लाख लोक आणू शकला. मधला फरक मैदानाचा मानता येईल. मात्र त्यातही एक मेख आहे. 1992 पर्यंत नॅशनल लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दोन गटांपैकी पायरेट्सच्या गटात, प्रत्यक्ष दारातून आत आलेली माणसे मोजली जात. 1993 पासून विकलेली तिकिटे मोजली जातात. त्यामुळे जुने आकडे नव्यांच्या तुलनेत थोडे कमीच दिसतात आणि मैदानाच्या खात्यावर जमा होणारा फरक आणखी घटतो. आजही सामन्यानंतर जाहीर होणारी संख्या आणि डोळ्यांनी दिसणारी गर्दी यांचा मेळ अनेकदा बसत नाही, त्यामागेही हेच कारण आहे. अशा तुलना वाचताना हा मुद्दा नजरेआड करू नये.

पिट्सबर्ग हा अपवाद आहे का, हे पाहण्यासाठी मिलवॉकीचे उदाहरण सर्वांत उपयोगी, कारण तिथले मिलर पार्कही 2001 मध्येच सुरू झाले. त्या मैदानाला सरकते छप्पर आहे, म्हणजे थंडी-पावसाची सबबही उरत नाही. पहिल्या वर्षी 28 लाख लोक आले. 2002 मध्ये संघ 106 सामने हरला आणि 2003 मध्ये प्रेक्षकसंख्या 17 लाखांवर उतरली. पुढे संघ सुधारत गेला आणि 2008 मध्ये, 1982 नंतर प्रथमच बाद फेरी गाठली त्या वर्षी, तीस लाखांचा टप्पा ओलांडला गेला. डेट्रॉइटच्या कोमेरिका पार्कनेही जवळपास हाच आलेख काढला: 2000 मध्ये उद्घाटनाची गर्दी, 2003 मध्ये 119 पराभव आणि चौदा लाखांहून कमी प्रेक्षक, 2008 मध्ये बत्तीस लाख. मायामीत 2012 मध्ये नवे मैदान उघडले तेव्हा 22 लाख लोक आले. त्या हिवाळ्यात संघाने आपले महागडे खेळाडू एकाच मोठ्या सौद्यात टोरंटोला देऊन टाकले आणि दुसऱ्या वर्षी संख्या 16 लाखांखाली घसरली. तिथल्या पडझडीला नऊ दिवससुद्धा लागले नाहीत.

नव्या मैदानांच्या समर्थनार्थ नेहमी दोन नावे घेतली जातात आणि ती रास्त आहेत. बाल्टिमोरच्या कॅम्डेन यार्ड्सने 1992 मध्ये साडेपस्तीस लाख लोक आणले, आदल्या वर्षीपेक्षा दहा लाख जास्त, आणि ही गर्दी वर्षानुवर्षे टिकली. तिथे जुनी रेल्वे गोदामाची लांबलचक विटांची इमारत न पाडता मैदानाच्या रचनेत सामावून घेतली गेली, आणि शहराच्या मधोमध, लहानशा आकाराचे, जुन्या वळणाचे मैदान ही कल्पना तिथूनच देशभर गेली. पीएनसी पार्क त्याच परंपरेतले. क्लीव्हलँडचे जेकब्स फील्ड 1994 मध्ये सुरू झाले आणि जून 1995 पासून एप्रिल 2001 पर्यंत सलग 455 सामन्यांची सगळी तिकिटे विकली गेली. मात्र त्या काळात क्लीव्हलँडचा संघ 1995 आणि 1997 मध्ये वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेपर्यंत, पोहोचला होता. तो संघ विस्कटल्यावर 2003 मध्ये त्याच मैदानावर सव्वासतरा लाखांच्या आसपास लोक आले. कॅम्डेन यार्ड्सही 2018 मध्ये, संघ 115 सामने हरला तेव्हा, सोळा लाखांखाली गेले. गोदाम तेच होते, हिरवळ तीच होती.

अर्थतज्ज्ञांनीही नव्या मैदानाच्या या सुरुवातीच्या उसळीचा बराच अभ्यास केला आहे. ती किती वर्षे टिकते याचे अंदाज अभ्यासागणिक बदलतात. ती कालांतराने विरते, याबाबत मात्र फारसे दुमत नाही.

संघमालकांना नवे मैदान हवे असते, त्यामागे केवळ डोकी मोजण्याचा हिशेब नसतो, हेही सांगायला हवे. न्यूयॉर्कमध्ये 2009 मध्ये यांकीज आणि मेट्स या दोन्ही संघांनी नवी मैदाने उघडली आणि दोघांचीही प्रेक्षकसंख्या आदल्या वर्षीपेक्षा घटली. मेट्सची तर 40 लाखांवरून 31 लाख 70 हजारांवर आली. नवी मैदाने जुन्यांपेक्षा लहान होती, आणि त्यांत महागड्या खोल्या व खास आसने जास्त होती. कमी माणसांकडून अधिक पैसे मिळवणे हा व्यवसाय म्हणून समजण्यासारखा निर्णय आहे, परंतु मग करदात्यांसमोर ‘गर्दी वाढेल’ असे सांगून मते मागणे मला अप्रामाणिक वाटते. एप्रिल 2024 मध्ये कॅन्सस सिटीच्या जॅक्सन काउंटीतील मतदारांनी तिथल्या रॉयल्स संघाच्या नव्या मैदानासाठीचा कर नाकारला, तेव्हा त्यांनी हीच शंका मतपेटीत टाकली असावी, असे मला वाटते. दुसरीकडे 1912 सालचे फेनवे पार्क आहे: अरुंद आसने, दृष्टीच्या आड येणारे खांब, आणि तरीही 2003 पासून 2013 पर्यंत सलग आठशेहून अधिक सामने हाउसफुल. बॉस्टनचा संघ त्या काळात दोनदा विजेता झाला.

तेव्हा माझे गुण असे. वास्तू म्हणून पीएनसी पार्कला पाचपैकी पाच. प्रेक्षकसंख्या वाढवण्याचे साधन म्हणून पाचपैकी दोन. त्यातला एक पहिल्या वर्षासाठी आणि दुसरा 2013 ते 2015 या काळात त्याने चांगल्या संघाला जी साथ दिली त्यासाठी. जानेवारी 2018 मध्ये अँड्र्यू मॅकचन आणि गेरिट कोल या दोघा आघाडीच्या खेळाडूंनाही संघाने दुसरीकडे पाठवले, आणि त्या हंगामात साडेचौदा लाखांच्या आसपास प्रेक्षक आले. त्या घसरणीचा दोष मी मैदानाच्या गुणांतून वजा केलेला नाही.

जायचे ठरवलेच तर तिसऱ्या बेसच्या बाजूला, वरच्या मजल्यावर तिकीट घ्यावे; खालच्या महागड्या आसनांपेक्षा तिथून नदी, पूल आणि शहर एका नजरेत येते. पूल चालत ओलांडावा. आठवड्याच्या मधला, एप्रिल किंवा मेमधला सामना निवडला तर आजूबाजूच्या दोन रांगा बहुधा रिकाम्या मिळतील. बसायला ते फार सोयीचे असते. पण मला तिथे बसताना दर वेळी 2013 च्या त्या रात्रीचा घोष आठवतो, आणि समोरच्या रिकाम्या निळ्या खुर्च्यांकडे पाहवत नाही.