हातातलं सोनोग्राफी मशीन, नऊ महिन्यांनंतर: आकड्यावर किती भरवसा ठेवायचा?

गेल्या मे महिन्यात खिशात मावणारं सोनोग्राफी मशीन घेतलं. ब्रह्मपुरी भागात आमचं पंधरा खाटांचं हॉस्पिटल आहे. आयसीयू नाही, आणि नागपूर गाठायला अडीच-तीन तास. बीपी पडलेला पेशंट आला की सलाइन अजून सोडायचं की हात आखडता घ्यायचा, एवढं खाटेपाशी कळावं म्हणून हा खर्च केला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढचं बरंचसं कुठल्याही मशीनला लागू पडेल.

आधी किरकोळ गोष्टी. चित्र स्वच्छ दिसतं. मात्र आमच्याकडच्या उन्हाळ्यात प्रोब, म्हणजे अंगावर टेकवायचा भाग, तापून मधेच बंद पडतो, मग त्याला कूलरसमोर धरून बसायचं. पीसीपीएनडीटीची, म्हणजे गर्भलिंगनिदानबंदीच्या कायद्याखालची, नोंदणी झाल्याशिवाय मशीनला हात लावू नका. शिवाय ते नोंदवलेल्या आवारातच, भरती पेशंटसाठी वापरायचं. व्हिजिटला गावोगाव नेईन म्हणून घेत असाल तर तो विचार सोडा.

आता मुद्द्याचं. पहिला महिना मी आयव्हीसीच्या, म्हणजे पोटातल्या महाशिरेच्या, प्रेमात होतो. शीर 2.1 सेंटिमीटरपर्यंत असेल आणि नाकाने जोरात श्वास ओढल्यावर निम्म्याहून जास्त मिटत असेल, तर हृदयाच्या उजव्या बाजूचा दाब कमी, म्हणजे सलाइनला वाव आहे असं मी धरायचो. पाठ करायला सोपं.

जुलैत रोवणीच्या दिवसांत एक आजी आल्या, अंगात ताप, बीपी 80. मी मोजलं तर 1.4 सेंटिमीटर. पाचच मिनिटांनी आमच्या ज्युनिअरने मोजलं तर 1.9. मधल्या वेळात सलाइनचा थेंबही वाढवला नव्हता. दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. आजी म्हणाल्या, "काय दिसून रायलं जी त्याच्यात?" सांगण्यासारखं काही नव्हतं.

दोघांचीही मोजणी खरी होती, जागा वेगळ्या होत्या. शीर काही लोखंडी पाइप नव्हे. ती लंबगोल असते आणि श्वासागणिक बाजूला सरकते. प्रोब मध्यावरून जरा हलला की नळी कडेने कापली जाते आणि अरुंद दिसते. पोटावर जास्त दाबलं तर आपणच ती चपटी करतो. आता आम्ही उजव्या कर्णिकेपासून (हृदयाचा वरचा कप्पा) 2 ते 3 सेंटिमीटरवर, उभ्या-आडव्या दोन्ही छेदांत मोजतो. तरी फरक पडतोच, पण पूर्वीइतका नाही.

त्यात पेशंटचा श्वास. धाप लागलेला माणूस इतक्या जोराने हवा ओढतो की अंगात पाणी पुरेसं असूनही शीर मिटते. उलट, वर्षानुवर्षं चुलीचा धूर खाल्लेल्या दमेकऱ्याची शीर तो कोरडा पडला तरी फुगलेली दिसू शकते, कारण उजव्या बाजूचा दाब आधीच चढलेला असतो. अशा एकाला मी शिरेवर विसंबून सलाइन कमी दिलं. संध्याकाळपर्यंत लघवी जेमतेम. तो बरा झाला, पण चूक माझीच.

म्हणून सप्टेंबरपासून व्हीटीआयकडे वळलो. डाव्या जवनिकेतून (हृदयाचा खालचा कप्पा) बाहेर पडणाऱ्या रक्ताच्या वेगाचा आलेख काढायचा, त्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे व्हीटीआय; एका ठोक्यात रक्त किती अंतर पुढे सरकतं ते त्यातून कळतं. साधारण 18 ते 22 सेंटिमीटर आला तर ठीक. त्याला रक्त बाहेर पडण्याच्या मार्गाच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणलं की एका ठोक्याला किती रक्त बाहेर पडतं ते निघतं. पण क्षेत्रफळात व्यासाचा वर्ग येतो. व्यास 2.0 ऐवजी 1.8 मोजला, तर उत्तर एकदम 19 टक्क्यांनी खाली. म्हणून व्यास मोजायचंच सोडलं. त्याच पेशंटचा व्यास सकाळ-संध्याकाळ बदलत नाही, मग नुसता व्हीटीआय बघितला तरी भागतं.

कोनाचं दुखणं मात्र राहतंच. रक्ताचा प्रवाह आणि प्रोबचा किरण यांत 20 अंशांचा कोन असेल तर वेग 6 टक्के कमी दिसतो, 30 अंशांना 13 टक्के. मशीनमध्ये आपोआप मोजणारं बटण आहे. ते वाकड्या कोनावरही तितक्याच आत्मविश्वासाने आकडा छापतं, म्हणून मला ते आवडत नाही.

खरा उपयोग झाला तो पाय वर करण्याच्या चाचणीत. खाटेचं डोकं खाली घ्यायचं, पाय 45 अंशांवर उचलायचे, म्हणजे पायांतलं रक्त हृदयाकडे येतं आणि सलाइन न देताच त्याची परीक्षा होते. मिनिटभरात पुन्हा व्हीटीआय घ्यायचा. हात तोच, खिडकी (फासळ्यांमधून हृदय दिसण्याची जागा) तीच. 10 ते 15 टक्के वाढला तर सलाइनचा उपयोग होण्याची शक्यता चांगली. कोन थोडा चुकला असला तरी दोन्ही वेळा तेवढाच चुकतो, तुलना टिकते. नाडी अनियमित असेल तर निदान पाच ठोक्यांची सरासरी काढतो. जाडजूड पेशंटमध्ये मात्र खिडकीच मिळत नाही. मग बोटाचं टोक दहा सेकंद दाबून रंग परतायला किती वेळ लागतो ते बघतो. 3 सेकंदांच्या वर गेलं की सावध. त्याला चार्जिंग लागत नाही.

केसपेपरवर आता आकड्याशेजारी मोजणाऱ्याचं नाव, वेळ आणि खाटेचं डोकं वर होतं की खाली, हे लिहितो. ज्युनिअरला सुरुवातीला हा माझा खडूसपणा वाटायचा.

मशीन घ्यायचं असेल तर पल्स डॉप्लर, म्हणजे नेमक्या एका जागचा रक्ताचा वेग मोजायची सोय, आहे का ते आधी विचारा, नुसत्या रंगीत डॉप्लरवर व्हीटीआय निघत नाही. आणि डेमोला येणारा कंपनीचा माणूस बारीक अंगाचा पोरगा सोबत आणतो, त्याचं हृदय काचेसारखं दिसतं. कंपनीच्या माणसाला तुमच्या वॉर्डातल्या सर्वांत जाड, धाप लागलेल्या पेशंटवर तीनदा मोजायला लावा. मी त्या दिवशी चहा पाजून सही केली होती.