लँकेस्टर बॉम्बरचे १/७२ प्रमाणाचे किट: आतून पाहण्याजोगे विमान

दुसऱ्या महायुद्धातील लँकेस्टर या चार इंजिनांच्या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानाचे प्लॅस्टिकचे किट मी यंदाच्या उन्हाळी सुट्टीत मागवले आणि भाच्याला हाताशी घेऊन भुसावळच्या घरी जोडले. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते ४३ सेंटिमीटर भरते, त्यामुळे जागेचा विचार आधी करावा.

या किटचे खरे मोल त्याच्या आतल्या भागात आहे. दोन्ही पंखांना पेलणारी मुख्य तुळई विमानाच्या पोटातून आडवी जाते. ती जागेवर बसवताना, पेटलेल्या विमानात, अंधारात, जाड कपड्यांनिशी ती ओलांडून मागच्या दाराकडे जाणे किती कठीण असेल, हे मला प्रथमच उमगले. पुढच्या माणसांना बाहेर उडी मारण्यासाठी नाकाच्या तळाशी एक अरुंद झडप होती. शेपटीच्या गनरचे पॅराशूट त्याच्या टरेटबाहेर, म्हणजे बंदुका बसवलेल्या फिरत्या घुमटीबाहेर, ठेवलेले असे. ते मागची दारे उघडून ओढून घ्यायचे, अंगाला अडकवायचे, टरेट आडवा फिरवायचा आणि पाठमोरे बाहेर पडायचे, एवढे सगळे त्याला काही क्षणांत करावे लागे. किटमध्ये ते पॅराशूट नाही, ही उणीव मला खटकली. मी ते पुटीचे करून बसवले.

पोटाला काळा रंग देताना भाच्याने विचारले, "मामा, खालच्या बाजूला बंदूक कुठे आहे?" बहुतेक लँकेस्टरना ती नव्हतीच. १९४३ पासून जर्मन रात्रशिकारी विमानांवर वरच्या दिशेने तिरप्या रोखलेल्या तोफा बसू लागल्या. ती विमाने खालून गुपचूप येत आणि पंखातील इंधनाच्या टाक्यांवर नेम धरत. मागून येणारा शत्रू दिसला, तर गनरच्या इशाऱ्यावर वैमानिक विमान मळसूत्रासारखे गिरक्या घेत खाली-वर नेई. खालून आलेला मात्र अनेकदा आग लागल्यावरच कळे. वरणगावच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले आमचे शेजारी काका शेपटीतल्या चार .३०३ ब्राउनिंग मशीनगनच्या नळ्या निरखून म्हणाले, "ही तर रायफलची गोळी. तोफेपुढे ती कितीशी पुरणार?"

तरीही काही विमाने परतली. ३ नोव्हेंबर १९४३ च्या रात्री जर्मनीतील ड्युसेलडॉर्फकडे निघालेल्या वैमानिक बिल रीड यांच्या लँकेस्टरवर आधी मेसरश्मिट ११० आणि नंतर फोकेवुल्फ १९० या जर्मन लढाऊ विमानांनी हल्ला केला. समोरची काच फुटली, रीड दोनदा जखमी झाले, मार्ग आखणारा नॅव्हिगेटर जागीच ठार झाला आणि वायरलेस ऑपरेटर प्राणांतिक जखमी झाला. रीड यांनी पाठ केलेल्या दिशेच्या आधारे लक्ष्य गाठले आणि मग ध्रुवतारा व चंद्र पाहत परतीची वाट धरली. परतताना जखमी फ्लाइट इंजिनिअर आणि बॉम्बचा नेम धरणारा बॉम्ब एमर यांनी त्यांना साथ दिली आणि सातांपैकी पाच जण वाचले. रीड यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाच्या, म्हणजे बॉम्बर कमांडच्या, सुमारे १,२५,००० वैमानिक व सहकाऱ्यांपैकी ५५,५७३ मारले गेले, हे ठाऊक असल्यावर त्या पाच जणांचे मोल कळते, आणि किटमध्ये सातऐवजी तीनच पुतळे देणे ही माझ्या दृष्टीने मोठी चूक ठरते.

बाकी तक्रारी किरकोळ आहेत. डाव्या पंखाच्या सांध्यात फट राहते आणि सूचनापत्रातली चित्रे फारच बारीक आहेत. आपल्याकडच्या मे महिन्यात रंग ब्रशवरच सुकतो, म्हणून रंगकाम सकाळी आठच्या आत उरकावे आणि पारदर्शक भाग उन्हाच्या झोतापासून दूर ठेवावेत. इंजिने, चाके आणि टरेट अतिशय नेटके जुळतात.

मी धडाची उजवी बाजू मुद्दाम चिकटवलेली नाही. शाळा उघडल्यावर विमान वर्गात नेईन, तेव्हा ती बाजू काढून मुलांना तुळई, झडप आणि टरेटबाहेरचे ते पॅराशूट बोटाने दाखवता येईल.