बर्फ आणि समुद्र दोन्ही हवेत: तोयामा की त्सुगारू?

टोकियो-क्योतो करून झालंय, हिवाळ्यात चार-पाच दिवस हाताशी आहेत आणि डोंगर, बर्फ, समुद्र एकाच खिडकीतून बघायचे आहेत, असं कुणी म्हटलं की माझ्यापुढे दोनच जागा येतात. एक तोयामाचा उपसागर, त्यातही ताकाओका आणि हिमीचा भाग. दुसरी थेट उत्तरेची, आओमोरीतला त्सुगारू आणि तिथली समुद्राकाठची रेल्वे, गोनो लाइन. लागोपाठच्या दोन जानेवारींत मी आईला घेऊन दोन्हीकडे जाऊन आलो.

बर्फाचं कारण दोन्हीकडे एकच. सैबेरियाकडून येणारा कोरडा, गार वारा जपानच्या समुद्रावरून येता येता बाष्प उचलतो, डोंगराला अडतो आणि सगळं तिथंच रितं करतो. आपला सह्याद्री पावसाळ्यात जे करतो, तेच इथले डोंगर हिवाळ्यात करतात.

कागदावर तोयामा सरस आहे, हे आधीच सांगतो. टोकियोहून शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, सव्वादोन तासांच्या आसपास पोचता येतं. त्सुगारूला शिन-आओमोरीपर्यंतच तीन तासांहून जास्त लागतात, आणि पुढे त्सुगारूतल्या हिरोसाकी शहराला जायला गाडी बदलावी लागते. जेवणातही तोयामा पुढे. हिमीची हिवाळी बुरी, म्हणजे तिथला नावाजलेला मासा, खाल्ल्यावर आमच्या मालवणी घरात पहिल्यांदाच सुरमईला प्रतिस्पर्धी मिळाला. मीठ लावून भाजलेला बुरीच्या कल्ल्यामागचा तुकडा आईने हाताने, काटे निवडत, सावकाश संपवला. थंडी वाढली की या किनाऱ्यावर विजा कडाडतात. त्या गडगडाटाला तिथले लोक ‘बुरी-ओकोशी’, म्हणजे बुरीला जागं करणारा, असं म्हणतात. तो झाला की मासा जाळ्यात येतो असं मानतात. बरोबर मुलं असतील तर आणखी एक आकर्षण आहे: निंजा हट्टोरीचा निर्माता हिमीचा आणि डोरेमॉनचा निर्माता ताकाओकाचा. गोकायामाची उतरत्या छपरांची जागतिक वारसा गावंही ताकाओकाहून बसने गाठता येतात.

असं असूनही माझं मन त्सुगारूकडे झुकलं. त्याचं कारण बूट.

तोयामात जानेवारीचं सरासरी तापमान ३ अंशांच्या जवळपास असतं. म्हणजे बर्फ पडतो, वितळतो, मधे पाऊस येतो, पुन्हा बर्फ. त्यातच रस्त्याच्या मधोमध नळ्या पुरलेल्या असतात आणि त्यांच्या भोकांतून भूजलाचे फवारे उडत राहतात. जमिनीतलं पाणी हिवाळ्यातही हवेपेक्षा उबदार असल्यामुळे त्याने बर्फ वितळतो. गाड्यांसाठी ही व्यवस्था फार उत्तम. पाण्यातल्या लोहाने रस्ते तांबूस झालेले दिसतात, तेही मला आवडलं. पण पायी चालणाऱ्याच्या वाट्याला येतो घोटाभर गार चिखल. रस्ता ओलांडायचा तर त्यातूनच. गाडी जवळून गेली की तोच अंगावर.

आमचे बूट साधे चालण्याचे होते, आणि ती चूक आमचीच. दुसऱ्या दिवशी आम्ही आमाहाराशीच्या किनाऱ्यावर गेलो. समुद्रातला पाइनची झाडं असलेला खडक आणि त्यामागे पाण्यातून उगवल्यासारखी ३००० मीटर उंचीची तातेयामा रांग, हे दृश्य तुम्ही फोटोत नक्की पाहिलं असेल. आमाहाराशी या नावाचा अर्थच ‘पाऊस निवळणं’. आम्ही दोन तास थांबलो, पण पाऊस काही निवळला नाही आणि डोंगर दिसले नाहीत. हिवाळ्यात ते दिसण्याचे दिवस कमीच असतात. तिथल्या छोट्या स्टेशनात आईने मोजे काढून पिळले. म्हणाली, “आपल्याकडे पावसात निदान अनवाणी तरी चालता येतं रे.” संध्याकाळी खोलीत हेअर ड्रायरने बूट वाळवत बसलो. सकाळी ते आतून दमटच होते, आणि त्यानंतरचा प्रत्येक बेत ‘चालावं किती लागेल’ यावरच ठरला.

पुढच्या वर्षी त्सुगारूला जाताना मला धास्तीच होती, कारण तिथे जानेवारीची सरासरी शून्याच्याही खाली जाते. झालं उलटं. हिरोसाकीत आणि गोशोगावारात बर्फ कोरडा, पिठासारखा. कोटावर पडला तर झटकायचा. बरेच जण छत्रीसुद्धा उघडत नाहीत. आमच्या मुक्कामी दारापाशी एक लहान झाडणी होती. तिने बूट झाडायचे आणि आत जायचं. सहा दिवसांत आईचे मोजे एकदाही भिजले नाहीत. थंडी जास्त, पण सोसायला सोपी. मी काही मोजमाप केलेलं नाही, आणि दुसऱ्या वर्षी बूटही चांगले घेतले होते, तेव्हा थोडं श्रेय त्यांना द्यायला हवं.

गोनो लाइन १४७ किलोमीटरची आहे आणि बराच वेळ लाटांच्या इतकी जवळून धावते की काचेवर तुषार येतात. एका बाजूला राखाडी, खवळलेला समुद्र, दुसऱ्या बाजूला शिराकामीचे पांढरे डोंगर. तोयामातलं ते दृश्य निरभ्र आकाशावर अवलंबून आहे. इथं हवा बिघडली की दृश्य रंगतं. ‘रिसॉर्ट शिराकामी’ गाडीत सगळ्या जागा आरक्षित असतात, म्हणून समुद्राकडची खिडकी आधीच मागून घ्या. त्यानंतर गोशोगावाराहून त्सुगारू रेल्वेची कोळशाच्या शेगडीची गाडी घ्या. ती डिसेंबर ते मार्च चालते. शेगडीवर सुका माकूळ भाजून देतात. डबाभर तो वास पसरला तसं आईने डोळे मिटले आणि म्हणाली, “आपल्या चुलीसारखा वास येतोय.”

उणिवा आहेतच. वारा आणि लाटा वाढल्या की गोनो लाइनवर गाड्या थांबवतात, आणि ते योग्यच आहे. मुळात गाड्या मोजक्या, त्यामुळे एक मोकळा दिवस राखून ठेवावा लागतो. दाबून कडक झालेला बर्फ काचेसारखा घसरडा होतो. वडीलधारी बरोबर असतील तर बुटांच्या तळाला लावता-काढता येणारे खिळे पहिल्याच दिवशी विकत घ्या. शाकाहारींची दोन्हीकडे पंचाईतच, कारण दाशी, म्हणजे माशाचा अर्क, साध्या रश्शातही असतो; त्यातल्या त्यात हिरोसाकीची सफरचंदं आणि ॲपल पाय यांचा आधार आहे.

तेव्हा तीनच दिवस असतील, मुलं असतील, किंवा माशांसाठीच जाणार असाल, तर तोयामा घ्या, पण घोट्याच्या वरपर्यंत येणारे रबरी बूट घालून. पाच-सहा दिवस असतील तर मी त्सुगारू म्हणेन. आणि तोयामा सोडवत नसेल तर एप्रिलच्या उत्तरार्धात जा. तेव्हा तातेयामाचा घाटमार्ग उघडतो, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या उंच भिंती असतात, खाली उपसागरात चमकणाऱ्या होतारुइका माकुळांचा हंगाम चालू असतो, आणि रस्ते कोरडे असतात. आमाहाराशीचं आमचं राहिलेलं दृश्य बघायला आम्हीही आता एप्रिलमध्येच जाणार आहोत.